फ्लूची लस आणि घरचा हिशोब: खान्देशातल्या ज्येष्ठांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमळनेरला माझं मेडिकल आहे. मे महिना लागला की काउंटरवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फ्लूच्या लसीचे तेच तेच प्रश्न सुरू होतात, आणि नीट ऐकलं तर निम्मे प्रश्न औषधाचे नसतातच, पैशाचे असतात. "भाऊ, एका सुईला अठराशे रुपये?" हा प्रश्न अगदी रास्त आहे. कापूस वेचणाऱ्या बाईची ती सहा-सात दिवसांची मजुरी आहे. म्हणून सगळे प्रश्न एका जागी लिहिले. लस मी स्वतः विकतो हे आधीच सांगतो, त्यामुळे जिथे पैशाच्या हिशोबात लस बसत नाही तेही खाली स्पष्ट लिहिलंय. तुमच्या घरातल्या माणसाला द्यायची की नाही हे शेवटी त्याच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

१. फ्लू म्हणजे सर्दीच ना? सर्दीसाठी कोणी लस घेतं का?

सर्दी वेगळी, फ्लू वेगळा. सर्दीत माणूस नाक पुसत पुसत वावरात जातो. फ्लूत सकाळी ठणठणीत असलेला माणूस संध्याकाळी थंडी वाजून पडतो, १०२-१०३ ताप, अंग ठेचून काढल्यासारखं, कोरडा खोकला, चार-पाच दिवस उठवत नाही. तरुण माणूस आठवड्यात सावरतो. साठीच्या पुढे, त्यात शुगर किंवा दमा असला की हाच आजार छातीत उतरतो, न्यूमोनिया होतो, शुगर वर जाते, हृदयावर ताण येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे १०० कोटी लोकांना फ्लू होतो, त्यातले ३० ते ५० लाख गंभीर होतात आणि श्वसनाच्या त्रासाने २ लाख ९० हजार ते ६ लाख ५० हजार माणसं दगावतात.

२. "जोखमीचे लोक" म्हणजे नक्की कोण? आमचे आबा तर धडधाकट आहेत.

वय ६० किंवा ६५ च्या पुढे हा पहिला गट. दुसरा गट वयाने लहानही असू शकतो: दमा आणि सीओपीडीवाले (फुफ्फुसं कायमची खराब झालेले), हार्टचे पेशंट, शुगर, किडनी-लिव्हरचे आजार, डायलिसिसवर असलेले, कॅन्सरचे उपचार चालू असलेले, स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे, आणि गरोदर बायका. बाळंतपणाआधी आईला दिलेल्या लसीचा फायदा बाळालाही पहिले काही महिने मिळतो.

आपल्याकडची दोन-तीन माणसं या यादीत कोणी धरत नाही, ती मी मुद्दाम धरतो. एक म्हणजे आयुष्यभर चुलीपुढे बसलेली आजी, जिने बिडीला कधी हात लावला नाही तरी छाती धुराने खराब झालेली असते, आणि तिचा खोकला "जुनाच आहे" म्हणून घरात कोणी मोजत नाही. दुसरा, कापसाच्या जिनिंगमध्ये नाहीतर मिरचीच्या खळ्यावर वर्षानुवर्षं धूळ खाल्लेला माणूस. तिसरे नंदुरबार-धडगावकडचे सिकलसेलचे (रक्ताचा आनुवंशिक आजार) पेशंट, त्यांना फ्लू साध्या तापासारखा जात नाही.

आणि आबा धडधाकट असतील तर आनंदच आहे, पण त्यांचा हिशोब थोडा वेगळा पडतो, तो प्रश्न ६ मध्ये आहे.

३. एका डोसला किती पैसे लागतात?

खाजगीत कंपनीप्रमाणे साधारण दीड ते अडीच हजार. मी खाली सगळीकडे १,८०० धरलेत म्हणजे हिशोब सोपा जाईल. टोचण्याची फी डॉक्टर वेगळी घेतात, काही ओळखीचे घेत नाहीत. मोठ्या माणसाला वर्षातून एकच डोस लागतो, लहान मुलांसारखे दोन नाही.

४. आणि फ्लू झालाच तर खर्च किती येतो? दोन-तीन हजारात भागतं की.

बऱ्याचदा भागतं, हे खरं आहे. पण भागत नाही तेव्हा काय होतं ते मी माझ्या घरात बघितलंय म्हणून ते सविस्तर लिहितो.

आमचे तात्या तेव्हा ७१ वर्षांचे, शुगर होती, चाळीस वर्षं बिडी ओढलेली. पोळ्याच्या आठवड्यात ताप आला. पहिले तीन दिवस आम्ही गावातच सलाइन आणि अँटिबायोटिक केलं, मी स्वतः मेडिकलवाला असून केलं, आणि चौथ्या दिवशी त्यांना वाक्य पूर्ण बोलता येईना, दोन शब्द बोलून थांबायचे. जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं, स्वॅबमध्ये एच३एन२ (फ्लूचाच एक प्रकार) आला. सहा दिवस ॲडमिट, त्यातले दोन आयसीयूत. माझ्या बायकोने लाल पुठ्ठ्याच्या वहीत एक एक रुपया लिहून ठेवला होता, ती वही अजून दुकानात आहे.

हॉस्पिटलचं बिल ७८,०००. बाहेरून आणलेली औषधं १४,५००. तपासण्या ६,२००. गाडीच्या फेऱ्या ४,८००. सोबत राहणाऱ्या दोघांचं जेवणखाण ३,५००. माझं दुकान बंद आणि भावाची रोजंदारी बुडाली ते कमीत कमी ९,०००. घरी आल्यावर ऑक्सिजनच्या मशीनचं भाडं आणि फिजिओथेरपीचे ६,०००. बेरीज १,२२,०००.

त्यातलं बिल ७८ हजारांचंच होतं, बाकीचे ४४ हजार बिलाबाहेरचे. लोक खर्च सांगताना बिल सांगतात आणि हे ४४ हजार विसरतात, कारण ते कोणत्याच पावतीवर एकत्र दिसत नाहीत, पाचशे इकडे हजार तिकडे असे जातात. आणि वहीत जे लिहिता आलं नाही ते असं: तात्या आजाराआधी रोज सकाळी मारुतीच्या पारापर्यंत चालत जायचे, पेपर वाचून यायचे. घरी आल्यावर संडासपर्यंत जायला हात धरावा लागायचा. परत पारावर जायला त्यांना अडीच महिने लागले, आणि त्या अडीच महिन्यांत आईचं दुसरं काहीच झालं नाही. म्हातारं माणूस आठ-दहा दिवस पलंगावर पडलं की पायातली ताकद जाते, काहींची परत येतच नाही. मग कायम एक माणूस घरी ठेवावं लागतं. तो खर्च दरवर्षीचा होऊन बसतो.

५. म्हणजे लस घेतली असती तर हे एक लाख बावीस हजार वाचले असते?

तसं मी म्हणू शकत नाही. कदाचित वाचले असते, कदाचित ताप आला असता पण आयसीयूपर्यंत गेलं नसतं, कदाचित सगळं तसंच झालं असतं. लसीतले स्ट्रेन (व्हायरसचे पोटप्रकार) आणि फिरणारा व्हायरस नीट जुळले तर लस साधारण ४० ते ६० टक्के लोकांचा डॉक्टरकडे जावं लागेल असा फ्लू टाळते. म्हाताऱ्या शरीरात प्रतिसाद कमी येतो त्यामुळे तिथे आकडा खाली येतो, आणि ज्या वर्षी स्ट्रेन चुकतात त्या वर्षी अजून खाली. पण लस घेऊनही फ्लू झाला तर तो बऱ्याचदा सौम्य जातो, ॲडमिट व्हायची आणि आयसीयूची वेळ कमी येते. पैशाच्या दृष्टीने तेच महत्त्वाचं, कारण घर मोडतं ते आयसीयूच्या बिलाने, तापाच्या गोळ्यांनी नाही.

६. सरळ हिशोब करून सांगा, परवडते की नाही?

करतो. २०१८ मध्ये कोक्रेन या संस्थेने म्हाताऱ्या लोकांवरचे सगळे चांगले अभ्यास एकत्र करून आकडा काढला: लस न घेतलेल्या १०० जणांत एका सीझनमध्ये ६ जणांना फ्लू, घेतलेल्यांत २.४ जणांना. म्हणजे एक फ्लू टाळायला साधारण ३० जणांना टोचावं लागतं. ३० गुणिले १,८०० म्हणजे ५४,०००. एक साधा ताप टाळायला चोपन्न हजार, हे कोणाच्याच हिशोबात बसत नाही. म्हणून "लस घ्या, तापाचा खर्च वाचेल" असं जो सांगतो तो चुकीचं कारण सांगतोय.

दुसऱ्या बाजूने मोजा. ॲडमिट होण्याचा एकूण खर्च प्रश्न ४ सारखा १,२०,००० धरला, तर १,८०० त्याचे दीड टक्का होतात. म्हणजे लसीमुळे त्या माणसाची यावर्षी ॲडमिट व्हायची शक्यता दीड टक्क्याने, म्हणजे २०० मध्ये ३ ने, कमी होत असेल तर पैसे फिटले. आता प्रश्न एवढाच उरतो की तुमच्या घरातला माणूस कोणत्या रांगेत आहे. ६२ वर्षांचा, आजार काही नाही, रोज शेतावर जातो, त्याच्या बाबतीत दीड टक्का फार मोठा आहे, निव्वळ पैशात लस फिटणार नाही. मागच्या दोन वर्षांत एकदा छातीसाठी ॲडमिट झालेला, दम्याचा पंप वापरणारा, शुगर असलेला ७० चा माणूस, त्याच्या बाबतीत दीड टक्का फार नाही. आणि मध्ये जे आहेत, म्हणजे नुसती शुगर नाहीतर नुसतं वय, तिथे निर्णय पैशापेक्षा मनाच्या स्वस्थतेचा आहे, आणि त्यालाही किंमत असतेच.

अजून एक, डोस जितका स्वस्त तितकी ही रेघ खाली येते. समजा सरकारने घाऊक घेऊन तोच डोस ६०० ला पाडला, तर दीड टक्क्याचा अर्धा टक्का होतो, आणि मग मधल्या रांगेतले कितीतरी लोक आत येतात.

७. दरवर्षी पैसे भरायचे आणि त्या वर्षी काही झालंच नाही तर पैसे पाण्यात गेले ना?

रावेर-यावलच्या केळीवाल्यांना विचारा. फळपीक विम्याचा हप्ता ते दरवर्षी भरतात, ज्या वर्षी वादळ आलं नाही त्या वर्षी कोणी म्हणत नाही की हप्ता वाया गेला, बाग उभी राहिली यातच सगळे खुश असतात. फरक इतकाच की विमा बाग आडवी झाल्यावर पैसे देतो, वादळ अडवत नाही. लस वादळाचा जोर कमी करते पण पैसे देत नाही. म्हणून दोन्ही लागतात, एक घेतलं म्हणून दुसरं सोडायचं नाही (प्रश्न ११ बघा).

८. एकदा घेतली की झालं असं का नाही? पोलिओसारखं?

फ्लूचा व्हायरस दरवर्षी रूप बदलतो आणि लसीने शरीरात आलेली ताकदही काही महिन्यांत उतरते. म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी, लसीत कोणते स्ट्रेन घालायचे ते ठरवते. गेल्या वर्षीचा उरलेला डोस स्वस्तात देतो म्हणाला कोणी तर घेऊ नका.

९. खान्देशात कोणत्या महिन्यात घ्यायची?

लोक हिवाळ्यात विचारायला येतात कारण टीव्हीवर बाहेरच्या देशांचं बघतात. आपल्याकडे फ्लू दोनदा वर येतो, एकदा जानेवारी ते मार्च आणि एकदा पावसाळ्यात आणि त्यानंतर, आणि महाराष्ट्रात पावसाळ्याचा जोर मोठा असतो. लस घेतल्यावर ताकद यायला दोन आठवडे लागतात. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगतो, आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की विचारायला या आणि मृग लागायच्या आत टोचून मोकळे व्हा. राहून गेलं तर जुलै-ऑगस्टमध्येही घ्या, न घेण्यापेक्षा बरंच. पैशानेही मे महिना बरा पडतो असं नाही, पेरणीच्या तोंडावर घरात पैसा नसतो हे मला माहीत आहे, म्हणून काही गिऱ्हाईकं माझ्याकडे मार्चपासून दोनशे-तीनशे जमा करतात आणि मे अखेर डोस नेतात. ही पद्धत एका शिक्षकाच्या बायकोने सुरू केली, मला फार आवडली.

१०. सरकारी दवाखान्यात फुकट मिळते का?

लहान मुलांच्या नेहमीच्या सरकारी लसीकरणात फ्लूची लस नाही. पण महाराष्ट्रात २०१५ पासून गरोदर माता आणि शुगर-बीपी असलेल्यांना सरकारी संस्थांमधून ही लस मोफत द्यायची सोय केलेली आहे. अडचण साठ्याची. कधी असते, कधी नसते, आणि आपण विचारलं नाही तर कोणी स्वतःहून सांगत नाही. उपजिल्हा रुग्णालयात किंवा जळगाव, धुळे, नंदुरबारच्या सिव्हिलला विचारा, मे-जूनमध्ये विचारा, आणि शुगर-बीपीची फाइल सोबत न्या. मिळाली तर माझ्याकडून घेऊ नका, तिथेच घ्या, औषध तेच असतं.

११. तात्यांचं आयुष्मान कार्ड आहे, पाच लाखांपर्यंत फुकट. मग लसीवर खिशातून कशाला घालायचे?

कार्ड जरूर ठेवा. ऑक्टोबर २०२४ पासून ७० च्या पुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत, आणि महात्मा फुले योजना राज्यात वेगळी आहेच. पण ही सगळी सोय ॲडमिट झाल्यावरची. लसीचे पैसे यात मिळत नाहीत, ओपीडीचे मिळत नाहीत. योजनेतलं हॉस्पिटलच पाहिजे, आजार पॅकेजमध्ये बसला पाहिजे, रात्री दोन वाजता आपण जवळचं हॉस्पिटल बघतो, यादी बघत नाही. आणि प्रश्न ४ मधले गाडीचे, जेवणाचे, बुडालेल्या मजुरीचे पैसे कोणतंच कार्ड देत नाही. ॲडमिट करायची वेळ आली तर मात्र आधी आरोग्यमित्राचं (हॉस्पिटलात बसणारा योजनेचा माणूस) टेबल शोधा, सही मागाहून.

१२. एवढं जर फायद्याचं आहे तर सरकार सगळ्या म्हाताऱ्यांना का टोचत नाही?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळतो. ब्रिटनमध्ये २००० सालापासून ६५ च्या पुढच्या सगळ्यांना फुकट देतात. तिथे कारण साधं आहे, म्हातारा ॲडमिट झाला तर बिल सरकारच भरतं, मग सरकारला सुई स्वस्त पडते. आपल्याकडे सुईचे पैसे सरकारने घालायचे आणि वाचणारे पैसे असतात घरच्यांचे. देशाच्या एकूण आरोग्य खर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ ला ६४.२ टक्के होता, २०२१-२२ ला तो ३९.४ पर्यंत उतरला, तरी शंभरातले चाळीस घरातूनच जातात. खर्च एकाचा आणि बचत दुसऱ्याची असली की खर्च करणाऱ्याला घाई नसते. २०१७-१८ च्या ज्येष्ठांच्या राष्ट्रीय पाहणीत ४५ वर्षांवरच्या लोकांत फ्लूची लस घेतलेले दोन टक्केसुद्धा निघाले नाहीत. आणि जागतिक आरोग्य सभेने २००३ मध्येच म्हाताऱ्यांत ७५ टक्क्यांचं उद्दिष्ट ठेवलं होतं.

दुसरी बाजूही आहे. सरकारपुढे टीबी आहे, कुपोषण आहे, धडगाव-अक्कलकुव्यात रस्ता नाही म्हणून बाई बाळंतपणाला पोहोचत नाही, तिथे आधी पैसा गेला पाहिजे हे मला पटतं. पण आता सत्तरीच्या पुढच्यांची बिलं सरकारच भरायला लागलंय (प्रश्न ११). मग निदान सत्तरीच्या पुढचे आणि सोबत दमा-हार्ट-शुगर असलेले, एवढ्यांना तरी मे महिन्यात टोचणं हा आता सरकारच्या स्वतःच्या फायद्याचा हिशोब झालाय. हे मी तालुक्याच्या बैठकीत दोनदा बोललो, परत बोलणार.

१३. वडिलांना हार्ट अटॅक येऊन गेला, स्टेंट टाकलाय. त्यांना चालेल का?

नुसती चालेल असं नाही, सगळ्यात जास्त फायदा ज्यांना होतो त्यात ते आहेत. कॅनडातल्या, २०१८ मध्ये छापलेल्या अभ्यासात दिसलं की फ्लू पक्का झाल्यावर पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅकची शक्यता सहापट होते. २०२१ मध्ये आठ देशांतल्या, त्यात बांगलादेशही होता, २,५७१ पेशंटवरची चाचणी प्रसिद्ध झाली. बहुतेकांना नुकताच अटॅक आलेला. अर्ध्यांना लस, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. वर्षभरात लसवाल्यांत १०० मागे २.९ दगावले, दुसऱ्या गटात ४.९. म्हणजे ५० जणांना टोचलं की वर्षात एक जीव वाचला, पन्नास डोसचे ९०,०००. एका स्टेंटला सगळा खर्च धरून यापेक्षा जास्त लागलेले मी पाहिलेत. कार्डिओलॉजिस्टच्या पुढच्या फॉलोअपला हा विषय तुम्हीच काढा, तिथे गर्दीत राहून जातो.

१४. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, शुगर २५० आहे, मग?

गोळी बंद करायची नाही. बारीक सुई वापरायला सांगा आणि टोचल्यावर दोन-तीन मिनिटं न चोळता दाबून धरा. शुगर जास्त आहे म्हणून लस थांबवत नाहीत. डायलिसिस, केमो, किडनी ट्रान्सप्लांटवाल्यांनाही ही मारलेल्या व्हायरसची लस चालते, फक्त ताकद कमी येते आणि केमोच्या कोणत्या आठवड्यात टोचायची ते त्यांचे डॉक्टर ठरवतात. नाकात मारायची जिवंत लस असते ती या लोकांना आणि म्हाताऱ्यांना नाही.

थांबायचं कोणी: ज्याला आधीच्या फ्लूच्या डोसने जीवघेणी ॲलर्जी झाली होती तो, आणि आज ज्याला जोरात ताप आहे तो बरा होईपर्यंत. ज्याला पूर्वी गुलियन-बारे (हातपाय लुळे पाडणारा नसांचा आजार) झालंय त्याने डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नये. अंड्याची ॲलर्जी आता पूर्वीसारखी अडचण धरत नाहीत, पण सांगून ठेवा.

१५. शेजारच्या नानांनी लस घेतली आणि दुसऱ्याच दिवशी आजारी पडले. लसीनेच फ्लू होतो का?

इंजेक्शनच्या लसीत व्हायरस मेलेला असतो, त्याने फ्लू होऊ शकत नाही. दंड दुखतो, एक-दोन दिवस कणकण येते, ती येऊन जाते. आणि दोन आठवडे ताकद यायला लागतात त्या मधल्या काळात बाहेरचा फ्लू लागू शकतो, नाहीतर दुसऱ्याच कुठल्या व्हायरसने सर्दी होते, तिच्यावर ही लस काम करत नाही. रोजंदारीवाल्यांनी शनिवारी संध्याकाळी टोचून घ्यावं, रविवारी दंड दुखून संपतो आणि खाडा पडत नाही.

१६. तुमच्याकडून घेऊन गावातल्या डॉक्टरांकडे टोचली तर चालेल? एसटीने दीड तास आहे.

चालेल, पण नेण्याची पद्धत चुकली तर पैसे गेले. ही लस २ ते ८ डिग्रीतच राहिली पाहिजे, आणि आपल्याकडे मेमध्ये ४४-४५ असतं. माझ्या फ्रीजमध्ये थर्मामीटर लटकवलेलं आहे, सकाळ-संध्याकाळ वहीत आकडा लिहितो, मागा म्हणजे दाखवतो. कोणत्याही दुकानात मागा. नेताना थर्मोकोलच्या डब्यात आइस पॅक, त्यावर कागदाची घडी, मग लस, कारण बर्फाला थेट चिकटून गोठली तरी ती खराब होते. एकदा एक जण माझ्याकडून डोस घेऊन गेला, घरी जाऊन इमाने-इतबारे फ्रीजरमध्ये ठेवला आणि दुसऱ्या दिवशी टोचायला नेला. मी फोनवर ऐकलं आणि टोचू दिला नाही. अठराशे रुपये गेले, त्यातले निम्मे मी सोसले, तेव्हापासून प्रत्येक डब्यावर मार्करने "फ्रीजरमध्ये नाही" लिहितो. शक्यतो माणसालाच इकडे आणा.

१७. ही स्वाइन फ्लूचीच लस का? आणि नवापूरच्या बर्ड फ्लूवर चालते का?

२००९ मध्ये ज्याला आपण स्वाइन फ्लू म्हणालो तो एच१एन१ आता दरवर्षीच्या फ्लूत मिसळलाय आणि या लसीत त्याचा स्ट्रेन असतो, वेगळी घ्यायची गरज नाही. बर्ड फ्लू वेगळा. २००६ मध्ये देशात पहिल्यांदा एच५एन१ सापडला तो नवापूरच्या पोल्ट्रीतच, त्यावर ही लस काम करत नाही. तरी पोल्ट्रीत काम करणाऱ्यांनी घ्यावी असा सल्ला असतो, एकाच शरीरात दोन्ही व्हायरस एकत्र येऊन नवीन काही तयार होऊ नये म्हणून.

१८. तीन स्ट्रेनची की चार स्ट्रेनची? हाय डोस म्हणजे काय?

चौथा स्ट्रेन, बी-यामागाता, मार्च २०२० नंतर जगात सापडलेला नाही, म्हणून सप्टेंबर २०२३ पासून जागतिक आरोग्य संघटना तो वगळा म्हणते. चार स्ट्रेनसाठी जास्त पैसे द्यायची गरज नाही. हाय डोसमध्ये चौपट औषध असतं आणि ६५ च्या पुढे ते साध्यापेक्षा सुमारे २४ टक्के जास्त फ्लू टाळतं असं २०१४ च्या मोठ्या चाचणीत दिसलं. त्याची वाट बघत पावसाळा घालवू नका, साधी मिळतेय ती घ्या.

१९. घरात सहा माणसं, पैसे एकाच डोसचे. कोणाला द्यायचा?

जो मागच्या वर्षा-दोन वर्षांत छातीसाठी किंवा हार्टसाठी ॲडमिट झालाय त्याला. तसं कोणी नसेल तर ज्याला पंप लागतो त्याला, मग शुगर असलेल्या सगळ्यात वयस्करला. घरात बहुतेकदा कर्त्या पुरुषाचं नाव आधी येतं आणि आजीचं शेवटी, ते बघून मला वाईट वाटतं, कारण आजीची छाती बऱ्याचदा त्याच्यापेक्षा खराब असते (प्रश्न २).

आणि जर जोखमीच्या माणसाला लस चालतच नसेल तर त्याच्या उशाशी बसणाऱ्या माणसाला द्या. नातवंडांचाही यात हात असतो. जपानमध्ये १९७७ ते १९८७ शाळेतल्या मुलांना फ्लूची लस सक्तीची होती, नंतर २००१ मध्ये हिशोब लावला तेव्हा दिसलं की मुलांना टोचल्यामुळे वर्षाला ३७ ते ४९ हजार मृत्यू टळत होते, आणि ते प्रामुख्याने म्हाताऱ्यांचे होते. साधारण ४२० मुलांमागे एक माणूस.

२०. लस घेतली नाही आणि आज ताप आलाय. आता काय?

आता लस नाही. जोखमीचा माणूस असेल तर ताप आल्यापासून ४८ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा आणि ओसेल्टामिव्हिर या फ्लूच्या व्हायरसवरच्या औषधाबद्दल विचारा. डॉक्टरांनी लिहिलं तर पाच दिवसांचा कोर्स पूर्ण करा, दोन दिवसात बरं वाटलं म्हणून उरलेल्या गोळ्या कपाटात ठेवू नका. आमच्या घरी तेच तीन दिवस सलाइनमध्ये गेले. सलाइनने फ्लू जात नाही आणि फ्लूवर अँटिबायोटिक चालत नाही. बोलताना धाप, ओठ निळसर, ऑक्सिजन ९४ च्या खाली, माणूस भ्रमल्यासारखा बोलतोय, यातलं एक जरी दिसलं तरी गाडी काढा.

२१. "माले काय व्हस? मी वावरमा राहस." (मला काय होतंय? मी शेतात राहतो.) असं म्हणून आबा हातच लावू देत नाहीत. काय करायचं?

त्यांना व्हायरस समजावू नका. त्यांना सांगा, तुम्ही पडले तर कपाशीला पाणी कोण देईल, आणि मुलगा सुरतहून किती दिवस रजा टाकून येईल. म्हाताऱ्यांना स्वतःच्या जिवाची भीती कमी असते, दुसऱ्याला आपला त्रास होईल याची जास्त असते. तात्यांनाही मी लाल वहीच दाखवली. शेवटच्या बेरजेवर बोट ठेवून बसले थोडा वेळ. पुढच्या मेमध्ये दंडावरची बंडी स्वतःच वर केली.

२२. माय ८८ वर्षांची आहे, अंथरुणाला खिळलेली. तिच्यावर आता अठराशे रुपये घालून काय उपयोग?

हा प्रश्न एका बाईने रात्री साडेअकराला पाठवला आणि खाली लिहिलं की "असं विचारते म्हणून वाईट वाटून घेऊ नका". अजिबात वाईट वाटलं नाही. तुम्ही सहा वर्षं तिचं सगळं करताय, तुम्हाला विचारायचा हक्क आहे.

तज्ज्ञ लोक लसीची किंमत मोजताना वाचलेली चांगल्या तब्येतीची वर्षं धरतात. त्या गणितात ८८ वर्षांची माय मागे पडते, आणि तिच्या शरीरात लसीची ताकदही कमी येते, हे खरं आहे. मला ते गणित तिच्यापुरतं अपुरं वाटतं. कारण तिला फ्लू झाला तर ती धापा टाकत चार दिवस बसून काढेल, आडवी होऊ शकणार नाही, आणि तुम्ही तिच्या पाठीशी उशी लावून चार रात्री बसाल. पैसे दोन डोसचे असतील तर एक तिला आणि एक तुम्हाला. एकाचेच असतील तर तुम्ही घ्या, कारण ती घराबाहेर जात नाही, फ्लू तिच्यापर्यंत येईल तो तुमच्या नाहीतर मुलांच्या हातून. आणि तिच्यासाठी आधी सरकारी दवाखान्यात विचारा, शुगर-बीपीची फाइल असेल तर (प्रश्न १०). तिला उचलून नेता येत नसेल तर मला आदल्या दिवशी सांगा, मी डबा भरून देतो, तुमच्या गल्लीतल्या सिस्टरताई आणि डॉक्टरांना आधी विचारून ठेवतो, घरी येऊन टोचतील.